घोडपदेवचा लाल ठिपका

माझ्या पीएचडीच्या नकाशावर सगळ्यांत मोठा लाल ठिपका होता, त्यावर मी भर सभेत बोट ठेवलं आणि "हा गुन्हेगारीचा अड्डा" असं सांगितलं. तो ठिपका आमच्या गावकीच्या खोलीवर पडला होता. ते मला कळलं नाही.

एखाद्या परक्या माणसाला कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. पण मी त्या खोलीच्या समोरच्या दारात वाढलो. लहानपणीच्या माझ्या जवळजवळ सगळ्या दुपारी त्या खोलीत झोपण्यात गेल्या. तिथल्या फरशीचा गारवा माझ्या डाव्या गालाला अजून आठवतो. गालाला आठवत होता, डोक्याला आठवला नाही, एवढाच काय तो घोटाळा.

पन्नाशी उलटली की आमच्या दादरच्या सोसायटीतले लोक गुडघ्यांना तेल लावू लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. मी पीएचडीला बसलो. गिरगावातल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं कायदा शिकवत होतो, आणि हल्ली शिकवता शिकवता मुलांच्या आधी मलाच पेंग यायला लागली होती. काहीतरी नवं करावं म्हणून विषय घेतला तो असा: गुन्ह्यांच्या विश्लेषणासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरतात, आणि तिला कायद्याचा लगाम कसा घालावा. आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कृत्रिम कशाक? देवान दिलेली वापरून संपली काय तुझी?"

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्या मला "सर" म्हणायच्या, मी त्यांना "मॅडम" म्हणायचो, त्यामुळे कुणी कुणाला रागवायचं हे ठरवण्यातच आमचा वेळ जायचा. त्यांच्या खटपटीने एका पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदी संशोधनासाठी मिळाल्या. गिरण्यांच्या संपाच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांच्या. कुणाला कधी उचललं, कुठल्या कलमाखाली, आणि तो राहणारा कुठला. मी पडलो कायद्याचा माणूस, लोकांच्या खासगीपणाचा मोठा कैवारी. मीच हट्ट धरला, की नावं काढून टाका आणि पत्त्यांच्या जागी नुसती भागाची चौकट कळेल असे सांकेतिक आकडे घाला. त्याप्रमाणे झालं. माणसं पुसली गेली आणि ठिपके उरले.

त्या ठिपक्यांच्या मी प्रेमातच पडलो. दुपारी जेवण झालं की पंख्याखाली बसून मॉडेल चालू करायचो. माझा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा. पडद्यावर मुंबई हळूहळू उगवायची. आधी बंदराची रेघ. मग रे रोड, कॉटन ग्रीन, लालबाग, परळ, सगळं नुसत्या राखाडी चौकटींचं. मग एकेका चौकटीत रंग फुटायला लागायचा, तव्यावरच्या घावनाला एकेक भोक पडत जाळी धरावी तसा. माझे डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत वाटायचं, हे शहर झोपलंय आणि त्याला पडलेलं स्वप्न आपण छतावरून बघतोय. घोडपदेवची एक चौकट मात्र दरवेळी सगळ्यांच्या आधी लाल व्हायची आणि होतच राहायची, पिकून काळसर होईपर्यंत. किती सुंदर, असं मी म्हणायचो. शप्पथ, मोठ्याने म्हणायचो.

मग परळला एक परिसंवाद झाला. तिथे मी तो नकाशा मोठ्या पडद्यावर लावला. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं, की या एकाच चौकटीत असं आहे तरी काय? इथे गप्प बसता आलं असतं. "माहीत नाही" हे उत्तर संशोधनात चालतं, असं मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं. पण समोर माइक होता. मी चष्मा काढला. चष्मा काढला की मी जास्त विद्वान दिसतो, असा माझा समज आहे.

"हे मी पुस्तकातून सांगत नाही," मी म्हणालो. "मी त्याच भागातला आहे. संप फिसकटल्यावर तिथल्या गल्ल्यांत काय काय सुरू झालं, ते या डोळ्यांनी पाहिलंय. हा अड्डाच. मटक्याचा, नाहीतर दारूचा. शंकाच नको."

टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी पोलीस खात्यातले एक साहेब जवळ आले. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाले, आमच्याकडे एक छोटासा प्रयोग चाललाय, या नकाशाची प्रत मिळेल का? मी दिली. खाली सही केली. सहीखाली, कुणी सांगितलेलं नसताना, "गुन्हेगारीचा अड्डा; स्थानिक माहितीवरून खात्री केली आहे" असंही लिहून टाकलं. आणि लालबागहून पाव किलो चिवडा घेऊन तरंगत घरी आलो.

आता गावकीची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं गाव मालवणच्या बाजूचं. गावातली माणसं गिरण्यांत लागायला मुंबईत येऊ लागली, तेव्हा गावाने मिळून घोडपदेवच्या एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक खोली धरली. ती कुणा एकाची नाही, अख्ख्या गावाची. जो येईल त्याने आपली ट्रंक भिंतीला लावायची आणि कपड्यांच्या दोरीवर थोडी जागा धरायची. जेवण खानावळीत, आंघोळ नळावर, झोप खोलीत. झोपही पाळीपाळीने. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच पथारीवर, त्याच्याच उबेत आडवा व्हायचा. एकाच चादरीत दोन माणसं वर्षानुवर्षं झोपली आणि एकमेकांना फक्त दारात भेटली, असंही तिथे होतं. माझे वडील या खोलीचे कारभारी. समोरच्या आमच्या खोलीत आईची खानावळ. दुपारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून आई मला समोर हाकलायची, "जा, काकांच्या कुशीत नीज."

खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं असायचं. आतला उजेड चहासारखा तपकिरी. भिंतीला ट्रंका, वर दोऱ्यांवर सदरे, आणि खाली माणसं, ओळीने, सगळी एकाच कुशीवर. त्यांच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. कुणी जोरात श्वास सोडला की एखादा तंतू सुटायचा आणि गोणपाटाच्या भोकातून आलेल्या उन्हात वर वर जायचा. मी त्याला नजरेने धरून ठेवायचो. तो खाली आलेला मी कधीच पाहिला नाही, त्याआधी मला झोप लागलेली असायची. काका लोक झोपेत बोलायचे. झोपेत सगळे गावी असायचे. "गो, बैल सुटलो!" एक जण म्हणायचा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला, डोळे न उघडता, "धर, धर त्याका" म्हणायचा. दोघांनी मिळून तो बैल धरला की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

संप लागला तेव्हा मी चौथीत होतो. भोंगे बंद झाले. जी माणसं इतकी वर्षं भोंग्याने जागी होत होती, ती आता भोंगा झाला नाही म्हणून दचकून जागी व्हायची आणि तशीच बसून राहायची. पुढे हळूहळू ट्रंका गावी गेल्या. काही इथेच राहिल्या, त्यांचे मालक कायमचे गेले. आम्ही दादरला आलो. वडील गेले. खोली मात्र गावाने सोडली नाही. हल्ली तिथे गावच्या तीन मुली राहतात. गावकीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या दोरीवर ओढण्या वाळायला लागल्या.

त्यांतली एक माझ्या चुलतभावाची मुलगी. तिला विमानतळावर प्रवाशांच्या तपासणीची नोकरी मिळत होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, उरली होती फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. आणि तिच्या वडिलांनी तिला बजावून पाठवलं होतं, की दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गावी परत यायचं आणि आम्ही सांगू तिथे लग्न करायचं. दसरा होऊन गेला होता, तेव्हा एके दिवशी ती दादरला आली. चपलाही न काढता दारातूनच म्हणाली, "काका, माझं व्हेरिफिकेशन अडकलं."

"अडकलं म्हणजे?"

"ठाण्यात म्हणतात, तुझा पत्ता लाल आहे."

"पत्ता कसा लाल असेल?"

"मला काय माहीत! मशीनमध्ये लाल येतो म्हणे. त्या पत्त्यावरच्या कुणाचंच काम साध्या चौकशीत होत नाही आता. कुणी विद्वानाने नकाशा काढून दिलाय. तुम्ही यातच पीएचडी करताय ना? बघा ना काहीतरी. बाबांना कळलं तर ते उद्याच न्यायला येतील मला."

मी खुर्चीतून उठलोच. अशी संधी संशोधकाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. मी तिला माझ्या प्रबंधातलं नियमनाचं अख्खं प्रकरण तोंडी ऐकवलं. यंत्राने सांगितलं म्हणून माणसाला दोषी धरता येत नाही. जुन्या नोंदी किती काळ वापरायच्या याला मर्यादा हवी. ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला कारण विचारता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक निर्णयावर एका जाणत्या माणसाची देखरेख हवी. "असल्या अर्धवट लोकांमुळेच ही वेळ येते," मी म्हणालो. "कोण हा विद्वान? मला एकदा भेटू दे."

आतून आईचा आवाज आला, "भेटतंस कशाक? मेल्याच्या कानाखाली वाजव आणि ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बघतो तर तेच सभ्य साहेब. मला पाहून उभे राहिले. "या सर, या! तुमचंच काम चाललंय." त्यांनी पुतणीसाठीही खुर्ची मागवली, चहा सांगितला, आणि मी तक्रार सांगितल्यावर कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

माझा नकाशा होता. सांकेतिक आकड्यांच्या जागी त्यांच्याकडे खरे पत्ते होते. लाल चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं आणि आमच्या चाळीचं नाव, दुसरा माळा, जिन्याच्या डाव्या हाताची खोली, सगळं उघडलं. इथे माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की यांच्या पडद्यावर रंग किती छान दिसतात. जमीन नंतर सरकली.

"साहेब, मशीन चुकू शकतं," मी म्हणालो.

"अर्थात चुकू शकतं! म्हणून तर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. प्रत्येक ठिकाणाची माणसाकडून खात्री करून घेतो."

"कुठल्या माणसाकडून?"

साहेबांनी छापील प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. खाली माझी सही, आणि सहीखाली माझं ते वाक्य, माझ्याच वळणदार अक्षरात. यंत्रावर जाणत्या माणसाची देखरेख हवी, असं मी लिहिलं होतं. ती पुरेपूर झाली होती. मीच केली होती.

पुतणीने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चहा पीत राहिली.

साहेबांना माझी दया आली असावी. म्हणाले, "एक सोपा मार्ग आहे. सर तुमचे काका ना? मग फॉर्मवर त्यांचा दादरचा पत्ता घाला. आठवड्यात काम होईल."

मार्ग खरंच सोपा होता, आणि मला तो फारच आवडला. पोरीला नोकरी लागेल, नकाशा राहील, प्रबंध राहील, आणि सभेतल्या टाळ्याही राहतील. मीही तिला म्हणालो, "बघ, करून टाकू."

"मी राहते घोडपदेवला," ती म्हणाली. "आणि बाकीच्या दोघींचे फॉर्मही याच पत्त्यावर अडकलेत, त्यांचं काय करायचं? त्यांचे काका नाहीत दादरला."

बाहेर फुटपाथवर आल्यावर तिने फॉर्म घडी करून पिशवीत घातला. मग म्हणाली, "आजीने कानाखाली वाजवायला सांगितलं होतं. ते आता कुणी करायचं?"

ती तशीच तिच्या इंग्रजीच्या क्लासला गेली. खोलीची किल्ली मला दिली, कारण मी म्हणालो होतो की मला जरा तिथे बसायचंय. चाळ तशीच होती, फक्त तिच्या चारी बाजूंनी काचेचे उंच टॉवर उभे राहिले होते आणि दुपारचं ऊन त्यांच्यावर आपटून दुसऱ्याच बाजूने खोलीत येत होतं. उरलेल्या ट्रंकांवर मुलींनी आरसा, पावडर, नर्सिंगची जाडी पुस्तकं मांडली होती. मी फरशीवर बसलो, मग कलंडलो, मग गाल टेकवला. विचार करायला आलो होतो. पण त्या खोलीत आडवं होऊन विचार करणं मला कधीच जमलेलं नाही.

झोपेच्या काठावर सगळे परत आले. ओळीने येऊन पडले, एकाच कुशीवर. ओढण्यांचे सदरे झाले. कुणाच्या तरी भुवईतून तंतू सुटला. मी लहान होतो, माझ्या हातात पट्टी होती आणि माझ्यासमोर मिशीवाला एक बापयो माणूस मांडी घालून बसला होता. घाबरलेला, गावाहून त्याच दिवशी आलेला. मी म्हणत होतो आणि तो माझ्यामागून म्हणत होता: चाळीचं नाव, दुसरा माळा, जिन्याच्या डाव्या हाताची खोली, घोडपदेव. पुन्हा. चाळीचं नाव, दुसरा माळा. मागे वडील उभे होते. "हरवलंस, पडलंस, पोलिसांनी धरल्यानी," ते त्याला सांगत होते, "तर ह्याच बोलायचा. दुसरा काय एक बोलायचा नाय."

मी जागा झालो. ऊन भिंतीवर चढलं होतं.

ही आमच्या खोलीची रीत होती. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून पत्ता पाठ करून घ्यायचा, आणि शाळेत जाणारा म्हणून हे काम माझ्याकडे होतं. संपात मोर्चे निघायचे, गिरण्यांच्या गेटांवर माणसं जमायची, आणि जमावबंदी मोडली म्हणून उचलली जायची. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत झोपणारा असो, कॉटन ग्रीनला गोदामाच्या ओट्यावर पथारी टाकणारा असो, नाहीतर बायकोच्या माहेरी जाऊन राहिलेला असो, चौकीत प्रत्येक जण हाच पत्ता बोलायचा. राहतो कुठे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या पत्त्यावरून टोपी घालून माझे वडील जामीन राहायला यायचे, म्हणून तो पत्ता. संपानंतर कुणी फुटपाथवर भाजी मांडली, कुणी विनापरवाना हातगाडीवर भजी तळली, पुन्हा उचलले गेले, पुन्हा तेच पाठांतर. गावातली माणसं जिथे जिथे धरली गेली, तिथून तिथून सगळ्यांनी बोट दाखवलं ते या दाराकडे.

मॉडेलने मोजण्यात काही चूक केली नव्हती. तो पत्ता खरोखरच सगळ्यांत जास्त वेळा बोलला गेला होता. एका गावाने एकमेकांचा हात धरला होता आणि यंत्राला ती टोळी दिसली. यंत्राचं ठीक आहे, त्याने ती माणसं झोपलेली पाहिली नव्हती. मी पाहिली होती. आणि त्यांना तो पत्ता शिकवणारा मास्तरही मीच.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे नकाशावर उभी असलेली सगळी प्रकरणं गेली, सर."

"गेली."

"परिसंवादवाल्यांना लिहावं लागेल."

"लिहितो."

"नियमनाचं प्रकरण ठेवा. फक्त 'जाणत्या माणसाची देखरेख' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे तो जाणता म्हणजे कोण, आणि तो चुकला तर त्याला कुणी अडवायचं, तेही लिहा. अंदाज आलाच असेल आता तुम्हाला."

मग पुन्हा साहेबांकडे. ठिपका काढा म्हणालो. साहेब अवघडले. "सर, घालायचं बटण आहे. काढायचं नाही."

"पण काढण्याचा काहीतरी नियम असेल ना?"

"नियम यायचेत. तुम्हीच लिहिताय ना ते?"

शेवटी त्यांनीच वाट काढली. मी माझी खात्री लेखी मागे घ्यायची, मग ते जागेवर माणूस पाठवून नेहमीसारखी साधी चौकशी करू शकतील. ती ठीक झाली तर तिन्ही मुलींची कामं मोकळी. म्हणून मी माघारीचं पत्र लिहायला बसलो. वाक्यावाक्यात माझी अब्रू मागच्या दाराने आत शिरत होती. पुतणी शेजारी बसून तिला बाहेर काढत होती.

"'अनवधानाने' खोडा."

"का? अनवधानानेच झालं."

"काका, तुम्ही चष्मा काढून बोललात. अनवधानाने कोण चष्मा काढतं?"

चष्म्याचं मीच तिला सांगितलं होतं. गोष्ट रंगवून सांगायची सवय अशी अंगाशी येते. "उपलब्ध माहितीच्या मर्यादेत" हेही तिने खोडलं. उरलं ते एवढंच: ही जागा मला माहीत होती, मी ओळखली नाही, आणि न ओळखता तिच्याबद्दल खात्री दिली. एवढं लहान आणि एवढं खरं मी माझ्या संशोधनात दुसरं काही लिहिलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी हवालदार बाई खोलीवर आल्या. चाळीत कंदील लागले होते, कुठेतरी चकलीचं तेल तापल्याचा वास होता. पुतणीच्या वडिलांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, परतीच्या गाडीचं काय ते विचारायला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाकीच्या दोघी सुट्टी टाकून घरी थांबलेल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात.

"आधी पाणी द्या गं," बाई जिना चढून धापा टाकत म्हणाल्या आणि एका ट्रंकेवर बसल्या. पाणी प्यायल्या. खोली नजरेने फिरून पाहिली. नर्सिंगचं पुस्तक उघडलं, आतलं चित्र बघून मिटलं. मग कागद काढला. "यात अड्डा लिहिलंय. कसला अड्डा चालतो इथे?"

"आम्ही रविवारी सुके बांगडे भाजतो मॅडम," पुतणी म्हणाली. "तेवढाच त्रास आहे लोकांना."

समोरच्या दारातून, म्हणजे आमच्याच जुन्या दारातून, तिथल्या आताच्या बाई डोकावल्या. "पोरी चांगल्या आहेत हो. नळावर भांडतात, पण कोण नाही भांडत?"

"मग हे लिहिलं कुणी?" हवालदार बाईंनी कागद उंच धरला.

तिन्ही मुली मोठ्या शिस्तीने माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"हिचा काका. या विषयात पीएचडी करतोय."

"या वयात? बरं. आणि ही खोली तुम्हाला कधी माहीतच नव्हती?"

मी समोरच्या दाराकडे बोट केलं. "तिथे राहायचो. झोपायला इथे यायचो."

हवालदार बाईंनी त्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. माझं माघारीचं पत्र त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग पेन काढलं, मांडीवर फाइल ठेवून सावकाश लिहिलं, तिन्ही फॉर्मांवर सही केली आणि पुतणीच्या हातात पोच दिली. "झालं तुझं. जा, कर नोकरी. घरी कळव."

पुतणीने पोच दोन्ही हातांनी धरली. तिचे डोळे भरले होते, तरी तिने हळूच विचारलं, "मॅडम, काकांचं काही लिहिलंत का त्यात? त्यांना काही त्रास नाही ना होणार?"

"छे गं," बाई ट्रंकेवरून उठत म्हणाल्या. "असा एक प्रत्येक घरात असतो. त्याचं आम्ही लिहीत नाही."